बिनपगारी उपदेशकांच्या म्हातारपणाची काठी

सहा दिवस कोळशाच्या खाणीत घाम गाळायचा. शनिवारी रात्री दिव्याच्या उजेडात बायबल उघडून टिपणं काढायची. रविवारी पहाटे आठ-दहा मैलांची पायपीट करून आडगावच्या प्रार्थनामंदिरात पंचवीस-तीस माणसांपुढे प्रवचन द्यायचं आणि रात्री पायीच घरी परतायचं. सोमवारी पुन्हा खाण! आणि या साऱ्याची बिदागी? छदामही नाही!

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या खाणींच्या वस्त्यांत आणि खेड्यापाड्यांत अशी हजारो माणसं होती. मेथॉडिस्ट चर्चमध्ये त्यांना ‘लोकल प्रीचर’ म्हणजे स्थानिक उपदेशक म्हणतात. हा उपदेशक दीक्षा घेतलेला पाळक नसतो. तो शिंपी असेल, शेतमजूर असेल, शाळामास्तर असेल. पोट भरतो स्वतःच्या धंद्यावर आणि उपदेश करतो श्रद्धेपोटी.

मराठी माणसाला हे चित्र परकं वाटू नये. वारकरी कीर्तनकारानं कीर्तनाचा मोबदला घेऊ नये, असा दंडक आपल्याकडेही होताच. पण मग एक प्रश्न उरतो. ज्यानं आयुष्यभर काही मागितलं नाही, त्याचे हातपाय थकले की त्याच्याकडे बघायचं कुणी?

आईनं कान उघडले

या परंपरेची सुरुवात एका रागातून झाली. मेथॉडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३-१७९१) हे चर्च ऑफ इंग्लंडचे दीक्षित धर्मगुरू. १७४० च्या सुमारास ते बाहेरगावी असताना त्यांच्या लंडनच्या सभेत थॉमस मॅक्सफील्ड हा साधा तरुण चक्क उपदेश करू लागला. वेस्लींना हे कळलं आणि त्याला थांबवण्यासाठी ते तडक लंडनला परतले. पण घरी आई होती. सुझॅना वेस्ली यांनी लेकाला बजावलं, की घाई करू नकोस, आधी त्या मुलाचं बोलणं स्वतः ऐक आणि त्याचा लोकांवर काय परिणाम होतो ते बघ. वेस्लींनी ऐकलं आणि ते विरघळले! त्या दिवसापासून दीक्षा न घेतलेल्या माणसांना उपदेशाची वाट खुली झाली.

यॉर्कशरचा पाथरवट जॉन नेल्सन हा असाच एक. १७४३ साली तो वेस्लींबरोबर कॉर्नवॉलमध्ये फिरत होता. निजायला जमीन आणि उशाला जाडजूड पुस्तक. भूक लागली की रानातली फळं. पुढच्याच वर्षी त्याला जबरदस्तीनं सैन्यात भरती केलं गेलं, तरी त्याचा उपदेश काही थांबला नाही.

बायकांना मात्र ही वाट सोपी नव्हती. १७६१ साली सेरा क्रॉसबी बोलायला उभी राहिली, तेव्हा वेस्लींनी तिला अडवलं नाही. पण ते गेल्यावर, १८०३ मध्ये, स्त्रियांच्या उपदेशावर कडक बंधनं आली. पुरुषांच्या बरोबरीनं मान मिळायला १९१८ साल उजाडावं लागलं.

सात शिलिंगांचा संसार

उपदेशकाच्या घरची परिस्थिती कशी असे, हे बघायचं तर डॉर्सेट परगण्यातल्या टॉलपडल या गावी जायला हवं. जॉर्ज लव्हलेस हा तिथला शेतमजूर आणि मेथॉडिस्ट उपदेशक. पोटाला चिमटा काढून त्यानं धर्मग्रंथ जमवले होते. मजुरी मात्र आठवड्याला दहा शिलिंगांवरून घसरत सातवर आली होती आणि ती सहावर नेण्याची भाषा सुरू झाली होती. लव्हलेस आणि सोबत्यांनी मजुरांची संघटना बांधली. १८३४ मध्ये, बेकायदा शपथ दिल्याचा ठपका ठेवून, सहा जणांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. रवानगी थेट ऑस्ट्रेलियाच्या बाजूला! सहांपैकी बहुतेक मेथॉडिस्ट होते.

मागे राहिलेल्या बायकामुलांना सरकारी मदतही नाकारण्यात आली. त्यांची चूल पेटती ठेवली ती लंडनच्या कामगारांनी काढलेल्या वर्गणीनं. देशभर ओरड झाली आणि १८३६ मध्ये सर्वांना माफी मिळाली. परतल्यावर त्यांना एसेक्समध्ये कसायला जमीन मिळवून देण्यात आली, तीही वर्गणीच्याच पैशातून. पुढे लव्हलेससह पाच जण कॅनडात स्थायिक झाले.

सहावा जेम्स हॅमेट. तो एकटा टॉलपडलला राहिला. म्हातारपणी दृष्टी गेली तेव्हा मुलांवर भार नको म्हणून तो डॉर्चेस्टरच्या अनाथगृहवजा ‘वर्कहाऊस’मध्ये गेला आणि १८९१ मध्ये तिथंच वारला. ज्याच्या सुटकेसाठी लोक रस्त्यावर उतरले होते, त्याचा शेवट असा झाला!

एकमेकां साहाय्य

आपल्यावरही हीच वेळ येणार, हे उपदेशकांनी ओळखलं होतं. १८४९ साली इंग्लंडमधल्या उपदेशकांनी ‘लोकल प्रीचर्स म्युच्युअल एड असोसिएशन’ स्थापन केली. नियम सोपा होता. प्रत्येकानं थोडी थोडी वर्गणी भरायची. त्यातून आजाऱ्याला मदत, थकलेल्याला आधार आणि कुणी गेलाच तर अंत्यविधीचा खर्च. पुढे याच संस्थेनं वृद्ध उपदेशकांसाठी निवासही चालवले. म्हणायला ही मदत, पण भीक नव्हे. आज धडधाकट असलेला उद्या अंथरुणाला खिळेल, हे जाणून केलेली ती तरतूद होती.

आठवण ठेवण्याची चर्चची रीतही साधीच. आसपासच्या प्रार्थनामंदिरांचा मिळून एक गट असतो. कोणत्या रविवारी कुणी कुठं उपदेश करायचा याचं छापील वेळापत्रक तयार होतं. त्याला ‘प्लॅन’ म्हणतात. पाळकांच्या जोडीनं उपदेशकाचंही नाव त्यात छापलं जातं. प्रशिक्षण आणि परीक्षा झाल्याशिवाय ते पक्कं होत नाही. ज्यांनी चाळीस, पन्नास, साठ वर्षं सेवा केली, त्यांना सन्मानपत्र दिलं जातं.

मुंबईशीही या पंथाचा जुना संबंध आहे. १८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर हा अमेरिकन मेथॉडिस्ट इथं आला. परदेशी पैशावर न विसंबता इथल्या सभासदांनीच आपलं चर्च पोसावं, हा त्याचा आग्रह होता.

शेवटी पुन्हा टॉलपडल. १९३४ मध्ये घटनेला शंभर वर्षं झाली, तेव्हा ब्रिटिश कामगार संघटनांनी हॅमेटच्या थडग्यावर दगड बसवला. पण तेवढ्यावर भागवलं नाही. गावात सहा घरं बांधली, वृद्ध शेतमजुरांना राहायला. सहा जणांच्या नावानं सहा घरं! हॅमेटला जे मिळालं नाही, ते त्याच्यासारख्या दुसऱ्या म्हाताऱ्यांना मिळालं.

आपल्या देवळात, चर्चमध्ये, भजनी मंडळात वर्षानुवर्षं फुकट राबलेलं असं एखादं माणूस असतंच. अलीकडे ते दिसेनासं झालं असेल, तर या रविवारी त्याच्या घरी एक चक्कर मारायला काय हरकत आहे?