'लाँग फेस' म्हणजे लांबट चेहरा नव्हे! इंग्रजीतले 'फेस'चे वाक्प्रचार समजून घ्या

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली गेटवर देश-परदेशातून पर्यटक येतात. जंगलात जाणाऱ्या जिप्सीत स्थानिक गाइड असतो. त्याच्या घरची बोली वेगळी, पर्यटकाची भाषा वेगळी. मग संवाद बहुतेकदा हिंदीत किंवा इंग्रजीत होतो. प्राणी-पक्ष्यांची इंग्रजी नावं सरावाने पाठ होतात. खरी अडचण येते ती वाक्प्रचारांची.

समजा, अख्खी सफारी संपली आणि वाघ दिसलाच नाही. गाइड गप्प बसलाय. तेवढ्यात पर्यटक विचारतो, 'व्हाय द लाँग फेस?' शब्दशः अर्थ घेतला तर हा चेहऱ्यावरून मारलेला टोमणा वाटेल. प्रत्यक्षात ती आपुलकीची चौकशी आहे: 'तोंड का पाडलंय?' असे गैरसमज टाळायचे तर 'फेस' कुठे काय सांगतो, ते पाहायला हवं.

मनातलं चेहऱ्यावर

'लाँग फेस' म्हणजे पडलेला चेहरा. 'कीप अ स्ट्रेट फेस' म्हणजे हसू दाबून गंभीर राहणं. पर्यटक रानडुकराला अस्वल समजून फोटो काढत असेल, तेव्हा गाइडला हेच करावं लागतं. 'पोकर फेस' हा शब्द पोकर या पत्त्यांच्या खेळातून आला. हातात कोणती पानं आहेत याचा पत्ता चेहऱ्यावरून लागू द्यायचा नाही, तो पोकर फेस.

सामोरं जाणं

'फेस टू फेस' म्हणजे समोरासमोर. 'लेट्स फेस इट' म्हणजे 'आता मान्यच करू या': आज वाघ काही दिसत नाही. 'फेस द म्युझिक'चा गाण्याशी संबंध नाही. आपल्या चुकीचे परिणाम निमूट भोगणं, असा त्याचा अर्थ. अमेरिकेत तो 1830 च्या दशकापासून वापरात आहे. इथे मराठीचा धागा जुळतो, कारण आपणही संकटाला 'तोंड देतो'.

वरवर पाहता

'ऑन द फेस ऑफ इट' म्हणजे सकृद्दर्शनी. वाटेवरचा पगमार्क वरवर ताजा वाटतो, पण नीट पाहिल्यावर जुना निघतो, तिथे हा वाक्प्रचार चपखल बसतो. 'फेस व्हॅल्यू' म्हणजे नाण्यावर किंवा नोटेवर छापलेली किंमत. त्यावरून एखाद्याचं बोलणं 'अॅट फेस व्हॅल्यू' घेणं, म्हणजे शहानिशा न करता जसंच्या तसं खरं मानणं.

अब्रू कुठे असते?

इथे मात्र दोन्ही भाषांची वाट वेगळी होते. मराठीत अब्रू नाकात असते: नाक कापलं जातं, नाक खाली होतं. इंग्रजीत ती चेहऱ्यात आहे. 'लूज फेस' म्हणजे चारचौघांत मान जाणं, 'सेव्ह फेस' म्हणजे लाज राखणं. ही कल्पना मूळची चिनी. 19 व्या शतकात चीनमध्ये राहणाऱ्या इंग्रजांमार्फत ती इंग्रजीत रुजली. नवख्या गाइडची चूक पर्यटकांसमोर न काढता नंतर बाजूला घेऊन सांगितली, तर त्याचा 'फेस' वाचतो.

'एग ऑन युअर फेस' म्हणजे तोंडघशी पडणं. 'वाघ दाखवतोच' अशी छातीठोक हमी दिली आणि वाघ आलाच नाही, की हीच वेळ येते.

जपून वापरा

'टू-फेस्ड' म्हणजे दुतोंडी. हा सरळ आरोप आहे, गमतीतही नको. 'इन युअर फेस' म्हणजे अंगावर येणारं, आक्रमक. 'शट युअर फेस' तर 'थोबाड बंद कर'इतकं उद्धट आहे.

आणखी एक घोळ लक्षात ठेवायचा. मराठीत 'तोंड' म्हणजे चेहराही आणि बोलण्याचा अवयवही. इंग्रजीत त्यांची वाटणी झाली आहे. बोलणं आणि खाणं 'माउथ'कडे, भाव आणि अब्रू 'फेस'कडे. म्हणून 'तोंड सांभाळून बोल' याचं भाषांतर करताना 'फेस' चालत नाही, 'माउथ'च लागतो. उलट 'नाक कापलं' हे सांगताना 'नोज' म्हटलं तर समोरचा खऱ्या नाकाकडे बघेल. तिथे 'फेस'च हवा.

एखादा वाक्प्रचार नाहीच कळला, तर अंदाजाने राग धरण्यापेक्षा 'व्हॉट डज दॅट मीन?' एवढं विचारावं. त्यात कुणाचंच नाक कापलं जात नाही.