मालाची वानगी आणि छायाचित्र

धान्याच्या पेढीवर जन्म काढलेल्या माणसाने छायाचित्रणाविषयी लिहावे, याचे कित्येक सभासदबंधूंस नवल वाटेल. आमच्या पुतण्याचा बेळगावास उद्यमबागेत लहानसा लेथचा कारखाना आहे. पितळी बुश, लाकडी मुठी, सागवानी डब्या असा माल तेथे होतो, आणि त्याची छायाचित्रे काढण्याचे काम आम्ही हौसेने अंगावर घेतले आहे. परगावचे गिऱ्हाईक हल्ली माल हाती न घेता मोबाइलवरील चित्र पाहूनच मागणी नोंदविते. तेव्हा चित्र हीच आता वानगी झाली आहे.

प्रारंभीच आमच्या हातून चूक घडली. घासलेल्या बुशांचे चित्र आम्ही छताच्या ट्यूबलाइटखाली काढून धाडले. ट्यूबचे प्रतिबिंब पितळेवर पांढऱ्या रेघेसारखे उमटले. ती चीर आहे असे समजून गिऱ्हाइकाने दोनशे नगांची मागणी रद्द केली. "काका, दोष बुशांत नाही, उजेडात आहे," एवढेच पुतण्या म्हणाला. ते शब्द आम्हांस फार लागले.

वास्तविक ही गोष्ट आम्हांस ठाऊक असावयास हवी होती. पिवळ्या दिव्याखाली गहू कोण पारखतो? मूठ घेऊन आपण वखारीच्या दारापाशीच जातो. आता आम्ही उत्तरेच्या खिडकीशी टेबल मांडतो. त्यावर ड्रॉइंगचा पांढरा कागद अंथरून मागची कड भिंतीवर वळवून चढवितो, म्हणजे मागे घडीची रेघ दिसत नाही. खिडकीवर जुन्या धोतराचे पातळ कापड, आणि समोरच्या बाजूस सावली उजळण्यापुरता पांढरा पुठ्ठा. उजेड जितक्या रुंद कापडातून व जितक्या जवळून येईल, तितकी सावली मऊ पडते. पावसाळ्यात खिडकी बंद करून एकाच जातीचे दोन दिवे लावतो. दिवसाचा उजेड आणि पिवळा दिवा एकत्र आले, की वस्तूची एक बाजू निळसर व दुसरी पिवळी होते. त्यावर कॅमेऱ्यापाशी धड उपाय नाही.

पितळ हा तर आरसाच. त्यात वस्तूपेक्षा भोवतालच अधिक दिसतो. म्हणून बुशाभोवती पांढऱ्या कागदाचे कुंपण करून भिंगापुरतेच भोक ठेवावे. परंतु सर्वत्र पांढरे झाले की गोलाई नाहीशी होते. एका कडेस काळ्या कागदाची पट्टी उभी करताच ती परत येते. हे समजावयास आम्हांस तीन रविवार लागले. नवे चित्र पाहून त्याच गिऱ्हाइकाने शंभर नग घेतले. लाकडाचे तंत्र सोपे आहे. उजेड एका बाजूने व खालून, जवळजवळ आडवा येऊ द्यावा, की रेषा आपोआप उठून दिसतात.

आमच्या थोरल्या बंधूंपाशी वडोदऱ्यास तयार झालेला आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलात बारा चित्रे. त्यामुळे प्रत्येक वेळी बोट दाबण्यापूर्वी विचार होई. मोबाइलमध्ये चित्रांस तोटा नाही, तरी ती सवय आम्ही सोडलेली नाही. मोबाइल वस्तूच्या अगदी जवळ नेल्यास पुढचा भाग फुगलेला दिसतो. हातभर मागे सरून दुप्पट झूम करावा. तो स्टँडवर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावावा. पांढरा कागद कॅमेरा करडा करून टाकतो, तेव्हा उजेडाची खूण किंचित वर सरकवावी. वस्तूशेजारी पोलादी पट्टी ठेवल्यास मापाची विचारणा उरत नाही.

गेल्या दिवाळीपूर्वी एका सागवानी डबीच्या झाकणावर गाठ निघाली. मोबाइलमध्ये ती पुसता येते, असे पुतण्याने सुचविले. पोत्याच्या तोंडाशी निवडक दाणे ठेवणारे अडते आम्ही पाहिले आहेत. आम्ही साफ नकार दिला. दोघांत थोडी बोलाचालीही झाली. अखेर गाठीसह चित्र गेले. गिऱ्हाइकाने पाच टक्के सूट मागितली, आणि पुतण्याने मुकाट्याने दिली.