लघवीची तक्रार अंगावर काढू नका



साठीच्या पुढच्या मंडळींत एक तक्रार घरोघर आढळते. रात्री तीन-चार वेळा उठावे लागते, धार बारीक पडते, मोकळे वाटत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले, "वय झालं, चालायचंच." घरात बोलायची लाज, मग डॉक्टरला कोण सांगतो! म्हणून आम्ही आज स्पष्टच लिहीत आहोत.

पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची अक्रोडाएवढी ग्रंथी असते. उतारवयात ती वाढते व मूत्रमार्ग आवळते. ही वाढ बहुधा साधी असते. तिला गोळ्या आहेत, शस्त्रक्रियाही आहे. पण याच ग्रंथीत कर्करोगही होतो आणि सुरुवातीला तो बहुधा काहीच लक्षण दाखवत नाही. पसरला की बहुतेक वेळा हाडे गाठतो. तेव्हा कंबर सतत ठणकत असेल किंवा लघवीतून रक्त जात असेल, तर नुसते तेल चोळत बसू नये.

डॉक्टर बोटाने ग्रंथी तपासतात व रक्ताची 'पीएसए' चाचणी करवतात. आकडा वाढला म्हणजे कर्करोगच, असे नव्हे. साध्या वाढीने, जंतुसंसर्गानेही तो चढतो. एका उसाच्या ब्रिक्सवर आपण अख्ख्या प्लॉटची तोड ठरवतो का? तसेच हे. पुढे एमआरआय आणि ग्रंथीचा तुकडा तपासल्यावरच निदान पक्के होते. तक्रार नसेल तर ५५ ते ६९ या वयात चाचणीचे फायदे-तोटे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. वडिलांना वा भावाला हा रोग झाला असेल तर पंचेचाळिशीतच विचारावे.

काहींचा रोग इतका मंद असतो की नियमित देखरेख पुरते. इतरांना शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लागतात. त्यानंतर लघवी न थोपणे, वैवाहिक संबंधांत अडचण येणे असे त्रास होऊ शकतात. ते आधीच विचारून घ्यावेत. रोग पसरला तरी पुरुषी संप्रेरक रोखून तो पुष्कळ काळ दाबता येतो. मुंबईचे टाटा रुग्णालय सुरू झाले त्याच १९४१ साली अमेरिकेत चार्ल्स हगिन्स यांनी हे दाखवून दिले. १९६६ साली त्यांना नोबेल मिळाले.

खर्चाच्या धास्तीने थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

आणि घरातल्या पोरांनो, म्हातारा आपणहून सांगणार नाही. तुम्हीच विचारा.