फोल्डरच्या आत असतं तरी काय?
वारज्यातल्या पत्त्याखाली आपण ४११०५८ लिहितो. त्यातला ४ पत्राला देशाच्या पश्चिमेकडच्या विभागात आणतो, पुढचा १ महाराष्ट्राच्या एका भागात, तिसरा आकडा पुण्यात आणि शेवटचे तीन वारज्याच्या टपाल कार्यालयात. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी बसवलेली ही रचना १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली.

संगणकातली फाइलही अशीच टप्प्याटप्प्यानं सापडते. फोल्डरात फोल्डर ठेवायची कल्पना १९६५मध्ये मल्टिक्स या प्रणालीच्या आराखड्यात मांडली गेली, पुढे युनिक्सनं ती रुजवली. १९८१च्या पहिल्या एमएस-डॉसमध्ये मात्र फोल्डरच नव्हते. डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची एकच यादी! फोल्डर आले १९८३च्या दुसऱ्या आवृत्तीत. तोवर तिरकी रेघ आज्ञांच्या कामात अडकली होती, म्हणून फोल्डरांसाठी उलटी रेघ घेतली. विंडोजमध्ये ती आजही दिसते.

खरी गंमत पुढेच आहे. लिनक्समध्ये ‘/घर/लग्न/हळद’ हा व्हिडिओ उघडताना काय होतं, पाहा. पहिली रेघ म्हणजे सर्वांत वरचा फोल्डर, ‘रूट’. त्याच्या यादीत ‘घर’ या नावासमोर एक क्रमांक असतो. त्या क्रमांकावर दुसरी यादी मिळते. तिच्यात ‘लग्न’, पुन्हा क्रमांक, पुन्हा यादी. ‘हळद’समोरच्या क्रमांकावर एकदाची व्हिडिओची नोंद हाती लागते: आकार किती, तारीख कोणती, डिस्कवर कुठे कुठे पसरलाय. त्या नोंदीत फाइलचं नाव मात्र नसतं! नाव राहतं फोल्डरच्या यादीत. म्हणूनच एकाच फाइलला दोन फोल्डरांत दोन वेगळी नावं देता येतात.

म्हणजे फोल्डरच्या पोटात फाइल नसतेच. असतात फक्त नावं आणि क्रमांक. पटत नसेल, तर पाच जीबीचा व्हिडिओ त्याच डिस्कवर एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवून बघा. क्षणात काम होतं, कारण व्हिडिओ जागचा हलतच नाही. एका यादीतली ओळ खोडून दुसरीत लिहिली जाते. तोच पेनड्राइव्हवर टाका, चहा पिऊन होईल!

प्रत्येक फोल्डरच्या यादीत दोन टिंबांची एक नोंदही असते. ती वरच्या फोल्डरचा क्रमांक सांगते. मग रूटमध्ये ही दोन टिंबं कोणाकडे नेतात? रूटकडेच! त्याच्या वर कोणी नसल्यामुळे तो स्वतःलाच आपला वडीलधारा मानतो.