आठ पौंडांची रेड स्पेशल

लंडनच्या पश्चिमेला फेल्टम नावाचं उपनगर आहे. तिथल्या एका साध्या घरात १९६३ साली सोळा वर्षांचा ब्रायन मे आणि त्याचे वडील हॅरोल्ड यांनी इलेक्ट्रिक गिटार बनवायला घेतली. फेंडर किंवा गिब्सनची गिटार विकत घेणं त्या घराला परवडणारं नव्हतं. वडील इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार होते, हत्यारं घरचीच होती आणि अडगळीला तोटा नव्हता. सुमारे दोन वर्षांनी गिटार तयार झाली. खर्च आला साधारण ८ पौंड. पुढे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी ज्या ‘क्वीन’ बँडमध्ये गायला, त्याच्या जवळजवळ प्रत्येक अल्बमवर हीच गिटार वाजली आहे. तिचं नाव रेड स्पेशल.

गिटारची दांडी एका जुन्या फायरप्लेसच्या महॉगनी चौकटीतून कोरलेली आहे. लाकडाला किडीने भोकं पाडली होती. ती काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. अंगासाठी जुन्या टेबलाचं ओक लाकूड आणि ब्लॉकबोर्ड वापरला, वरून महॉगनीचा पातळ पापुद्रा चढवला. पडद्यांमधल्या खुणांचे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं.

पण खरं आश्चर्य आहे ते ट्रेमोलोचं. त्याचा दांडा दाबला की तारा सैल पडून सूर खाली लहरतो, सोडला की मूळ जागी परतायला हवा. स्वस्त गिटारींत तो नेमका परतत नाही, आणि त्याला कारण असतं घर्षण. तार जिथे जिथे टेकते तिथे जरा अडकते आणि अडकली तेवढी बेसूर होते. बापलेकांनी या घर्षणाचाच पाठलाग केला. सगळी यंत्रणा त्यांनी पोलादाच्या धारेवर तोलली, सोनाराच्या तराजूची दांडी तोललेली असते तशी. तारांचा ताण पेलायला १९२८ सालच्या पँथर मोटारसायकलच्या दोन व्हॉल्व्ह स्प्रिंगा लावल्या. ब्रिजवर तारांखाली फिरते रोलर बसवले. दांडा सायकलच्या पिशवीच्या आधाराचा, त्याचं टोक आईच्या विणकामाच्या सुईचं. महागड्या कारखान्यांनाही न साधलेली अचूकता या जोडणीत आहे, असं माझं ठाम मत आहे.

तारांचं कंपन टिपणारे पिकअपही ब्रायनने आधी घरीच गुंडाळले होते. पण तार बोटाने आडवी ओढली की त्यांतून नको तो आवाज येई. शेवटी बर्न्स कंपनीचे तीन ‘ट्राय-सॉनिक’ पिकअप विकत आणले. त्यांच्या वेटोळ्यांत त्याने अराल्डाइट भरलं, कारण मोठ्या आवाजात सैल वेटोळी थरथरतात आणि अॅम्प्लिफायरमधून कर्कश शिट्टी निघते. आजही शिट्टी मारणारा पिकअप दुरुस्त करताना हेच तत्त्व वापरतात, फक्त अराल्डाइटऐवजी वितळलेलं मेण. मेण मुरवलेला पिकअप पुढे उघडता येतो, अराल्डाइट मात्र कायमचं घट्ट बसतं. मेण गरम पाण्याच्या भांड्यातच वितळवावं, थेट आचेवर कधीच नाही: ते पेट घेतं.

१९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातले कारागीर ग्रेग फ्रायर यांनी या गिटारची मोठी डागडुजी केली. २००२ मध्ये ब्रायन मे यांनी बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभं राहून हीच गिटार वाजवली.

तुमची गिटार सूर धरत नसेल, तर नव्या खुंट्यांसाठी पैसे मोडण्याआधी एक करून पाहा. तार सैल करून बाजूला घ्या, नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा आणि पुन्हा सूर लावा. दोष बहुतेक वेळा त्या खाचेतच असतो.