जुन्या जीपची ट्रान्सफर केस निवडताना

ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या पाठीला जोडलेली दुसरी गिअरपेटी. इंजिनाचा जोर ती पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही अॅक्सलना देते आणि ‘लो’मध्ये टाकली की वेग कमी करून ओढ वाढवते. बिदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर आहे. तिथली वाट पावसातही बरीच घट्ट राहते. भालकी, औराद, आळंदकडच्या काळ्या रानात मात्र जोराचा पाऊस झाला की टायरची नक्षी चिखलाने बुजते आणि दोनच चाकांना जोर मिळणारी गाडी जागच्या जागी रुतते. म्हणूनच या भागात जीप नव्याने उभी करताना इंजिनाइतकाच या पेटीचाही विचार करावा लागतो.

महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे-३बी हे मॉडेल कित्येक दशके बनवले. या जीपमध्ये स्पायसर १८ ही ट्रान्सफर केस असते. तिचे कवच बिडाचे आणि आतला सगळा कारभार गिअरचा, साखळी नाही. तिचा मागचा आउटपुट मध्यभागी नसून उजवीकडे सरकलेला असतो. त्यामुळे मागच्या अॅक्सलचे डिफरन्शिअलही उजवीकडेच असते.

बदलीची पेटी निवडताना पहिली अट इथूनच येते. स्पायसरचीच पुढची डाना २० आणि त्यानंतरची डाना ३०० या पेट्यांचा मागचा आउटपुट मध्यभागी आहे. त्या बसवायच्या तर मागचा अॅक्सलही मध्यभागी डिफरन्शिअल असलेला हवा. परदेशी जीपमधली साखळीवर चालणारी एनपी २३१ वजनाने हलकी आणि आवाजाला कमी, पण तिचा पुढचा आउटपुट डावीकडे असतो. म्हणजे पुढचा अॅक्सलही बदलणे आले. पेटी स्वस्तात मिळाली तरी असा सौदा शेवटी महागात पडतो.

शाफ्टच्या लांबीकडेही बघायला हवे. ८० इंची व्हीलबेसच्या जीपमध्ये मागचा प्रोपेलर शाफ्ट मुळातच आखूड असतो. पेटी अॅडॅप्टर प्लेटसकट काही इंचांनी लांब झाली, तर शाफ्ट आणखी आखूड होतो, त्याचा कोन वाढतो आणि क्रॉस लवकर झिजतात.

यानंतर रेशो. पहिला गिअर, ट्रान्सफर केसचा लो आणि अॅक्सल या तिघांच्या रेशोंचा गुणाकार केला की सर्वांत हळू चालीचा एकूण रेशो मिळतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीत हा हिशेब २.६६५ × १.९७ × ४.८८, म्हणजे सुमारे २५.६ येतो. सीजे-३बीच्या टी-९० गिअरबॉक्सला तो २.७९८ × २.४६ × ५.३८, म्हणजे ३७ पडतो. २८ इंच व्यासाच्या टायरवर, इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असताना, एवढ्या रेशोला जीप ताशी सुमारे ७ किलोमीटर चालते. चिखलातून ट्रॉली ओढायला ही चाल योग्य आहे. त्याच जीपला डाना २० लावली तर तिचा लो २.०३ असल्याने एकूण रेशो ३०.६ वर येतो. पेटी नवी, पण ओढ कमी! डाना ३०० चा लो २.६२ आहे, त्यामुळे तिथे आकडा ३९ च्या पुढे जातो. टायर मोठे घातले की मिळवलेली ओढ पुन्हा घटते, हेही हिशेबात धरावे.

मारुती जिप्सीची पेटी गिअरबॉक्सपासून सुटी असते आणि मधल्या छोट्या शाफ्टने जोडलेली असते. शिवाय तिच्या ‘हाय’मध्येही रेशो थेट एकास एक नसतो. ती दुसऱ्या गाडीला लावली तर डांबरी रस्त्यावरचा वेगही बदलतो.

अनेकदा लक्षातून निसटणारी बाब हँडब्रेकची. विलीज घराण्याच्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम मागच्या चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या आउटपुटवर असतो. स्पीडोमीटरची केबलही तिथूनच निघते. पेटी बदलली की दोन्हींची वेगळी सोय करावी लागते. हँडब्रेक नसलेली जीप उतारावर उभी करणे जिवावर बेतू शकते.

या सगळ्याचा विचार केला, तर सीजे-३बीसाठी बहुतेक वेळा जुनी स्पायसर १८ च दुरुस्त करणे, नाहीतर तशीच दुसरी शोधणे शहाणपणाचे ठरते. जुनी पेटी घेताना आधी ऑइल काढून बघावे. बोटांवर बारीक चकाकी आली तर झीज नेहमीची. दातांचे तुकडे निघाले तर पेटी बाजूला ठेवावी. मग तळाचे झाकण उघडून मधला शाफ्ट तपासावा. या पेटीत सर्वांत आधी झिजणारा भाग तोच. बेअरिंग फिरते त्या जागी नखाला खाच लागली तर शाफ्ट बदलावाच लागतो. हा शाफ्ट वेगवेगळ्या काळात पाऊण, सव्वा आणि त्यांच्या मधल्या १ १/८ इंच जाडीचा आला. त्यामुळे दुकानात जुना शाफ्ट आणि गिअर सोबत न्यावेत, दात मोजावेत, जाडी व्हर्नियरने मापावी. कवचाला बोल्टच्या कानांजवळ तडा असेल तर दुसरी पेटी पाहावी.

बिदरच्या केए-३८ किंवा कलबुर्गीच्या केए-३२ पासिंगच्या गाडीत फेरफार करताना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लागू होते. नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच तरतुदीवर बोट ठेवले. पेटीबरोबर इंजिन किंवा चासीला हात लागणार असेल, तर आरटीओत आधीच विचारावे.

जोडणी झाल्यावर ९० नंबरचे गिअर ऑइल भरावे आणि काही दिवस गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस या दोन्हींची पातळी वेगवेगळी तपासावी, कारण टी-९० मधले ऑइल कधीकधी मधल्या बेअरिंगमधून पेटीत उतरते. फोर-व्हीलची चाचणी शेतातच घ्यावी. या पेटीत मधले डिफरन्शिअल नसल्याने पुढची आणि मागची चाके एकाच गतीने बांधली जातात. हुमनाबादच्या कोरड्या हायवेवर फोर-व्हीलमध्ये वळण घेतले की तो ताण गिअर आणि क्रॉसवर येतो आणि लिव्हर अडकून बसतो. ओल्या मातीत चाके थोडी घसरतात आणि ताण तिथेच सुटतो.