नावनिशी, उतारशाळा, गव्हाण: मंडळीच्या नाताळ मेळाव्याचे सूत्र

मराठी प्रोटेस्टंट परंपरेत चर्चमध्ये उपासनेसाठी जमणाऱ्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात. घरच्या माणसांसाठीही मराठीत हाच शब्द वापरला जातो, आणि नाताळचा कौटुंबिक मेळावा हा वर्षातला असा प्रसंग आहे की ज्यात या दोन्ही अर्थांची गाठ पडते. 24 डिसेंबरची रात्र आणि 25 ची सकाळ उपासनेची असते, त्यानंतरचे दिवस घरोघरच्या भेटींचे असतात. म्हणून हा मेळावा बहुधा त्याआधीच्या शनिवारी किंवा रविवारी संध्याकाळी ठेवणे सोयीचे जाते. अलीकडे अशा मेळाव्याला एखादी ‘थीम’ देण्याची प्रथा रुळत आहे. थीम म्हणजे सजावट, पोशाख, नाटिका, गाणी आणि जेवण या साऱ्यांना एका धाग्यात ओवणारे सूत्र. हे सूत्र नीट निवडले तर मेळाव्यात प्रत्येक घराला काम मिळते, आणि वरवर निवडले तर निम्मी मंडळी खुर्च्यांवर बसून उरलेल्यांचे कौतुक पाहत राहते.

कापसाचा बर्फ, थर्माकोलचे हरिण आणि लाल-पांढरा पोशाख हे सूत्र सोपे असते, कारण बाजारात त्याचे सामान तयार मिळते. परंतु ज्या घरात तीन मुले आहेत आणि मिळकत रोजंदारीची आहे त्या घराला तीन लाल अंगरखे विकत घेणे परवडत नाही, आणि असे घर त्या संध्याकाळी काहीतरी निमित्त सांगून येण्याचे टाळते. नाताळच्या मूळ कथेत मात्र बर्फ नाही. तिच्यात सरकारी हुकूम आहे, प्रवास आहे, जागेची अडचण आहे, जनावरांची गव्हाण आहे आणि रात्रभर कळप राखणारे मेंढपाळ आहेत, आणि यांपैकी कोणतीही गोष्ट महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

या कथेचा देखावा मांडण्याच्या प्रथेला मोठे बळ मिळाले ते इटलीतील ग्रेच्चो या डोंगरी गावात. 1223 च्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिसने तेथे गव्हाण मांडून तिच्यात गवत भरले, शेजारी खराखुरा बैल आणि गाढव बांधले, आणि आसपासचे गावकरी मेणबत्त्या व मशाली घेऊन तेथे जमले. बैल आणि गाढव यांचा उल्लेख लूककृत शुभवर्तमानाच्या जन्मकथेत नाही. धन्याची गव्हाण ओळखणाऱ्या जनावरांविषयी यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात जे वचन आहे, त्यावरून ती दोघे देखाव्यात आली असे मानले जाते. मुलांना हे बारकावे सांगण्यासारखे आहेत, कारण परंपरेने घातलेली भर आणि मूळ मजकूर यांतला फरक कळला की मजकूर अधिक लक्षपूर्वक वाचला जातो. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्योतिषविद्येचे जाणकार, तीनच होते असे त्यांची कथा सांगणारा मत्तयही कोठे म्हणत नाही; त्यामुळे नाटिकेत सात मुलांना मागी व्हायचे असेल तर त्यांना अडवण्याचे कारण नाही.

मेंढपाळांच्या वेशासाठीही खर्च लागत नाही. पुणे, अहिल्यानगर, सोलापूर या भागांत काढणी झालेल्या शेतात मेंढ्या बसवण्याची, म्हणजे खतासाठी कळप रात्रभर शेतात ठेवून घेण्याची रीत आहे; घोंगडी, काठी आणि मुंडासे या वस्तू तेथल्या पुष्कळ घरांत आजही सापडतात. आजोबांच्या जाड, काळ्या, अंगाला टोचणाऱ्या घोंगडीत गुरफटलेला आठ वर्षांचा मुलगा बेथलेहेमच्या कुरणाच्या जितका जवळ जातो तितका भाड्याच्या चकचकीत झग्यातला मुलगा जात नाही.

शहरांतील मराठी मंडळ्यांसाठी ‘नावनिशी’ हे सूत्र विशेष अर्थपूर्ण ठरेल. कैसर औगुस्ताच्या आज्ञेने प्रत्येकाने नोंदणीसाठी आपापल्या गावी जायचे होते, आणि मराठी पवित्र शास्त्राने या नोंदणीला ‘नावनिशी’ हा जुना दप्तरी शब्द वापरला आहे. प्रवेशद्वाराशी एक मेज, लाल कापडात बांधलेली वही आणि दोन कारकून एवढी मांडणी पुरे होते; येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तिच्यात घरातल्या सर्वांची नावे, तान्ह्या मुलासह, आणि आपले मूळ गाव लिहावे, व शेजारच्या नकाशावर त्या गावी एक टिकली लावावी. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईस आले आणि 1831 मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे झाले. त्या परिसरातील खेड्यांतून पुढे शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने कितीतरी कुटुंबे पुण्या-मुंबईकडे गेली. नकाशावर टिकल्यांची दाटी होऊ लागली की वडीलधारी माणसे आपोआप त्याभोवती उभी राहतात, नाती निघतात, आणि जी आजी एरवी मागच्या बाकावर बसून घरी जाते तिच्याकडे सांगण्यासारखे सर्वांत जास्त आहे हे तरुणांना कळते.

‘उतारशाळा’ हे दुसरे सूत्र याहून थोडे अवघड, पण मोलाचे आहे. ‘उतारशाळेत त्यांना जागा नव्हती’ असे मराठी शास्त्र सांगते तेथे लूकाने वापरलेला ग्रीक शब्द ‘कातालुमा’ असा आहे आणि त्याचा अर्थ घरातली पाहुण्यांची खोली असाही होतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील धर्मशाळेसाठी मात्र त्याने वेगळा शब्द योजला आहे. त्यामुळे योसेफ आणि मरिया यांना निष्ठुर धर्मशाळावाल्याने हाकलले, या नाटिकेतल्या नेहमीच्या प्रसंगापेक्षा पाहुण्यांनी गच्च भरलेल्या घराने जनावरांच्या बाजूला का होईना पण जागा करून दिली, हे चित्र मजकुराला अधिक जवळचे असावे असे अनेक अभ्यासक मानतात. या सूत्रावरच्या मेळाव्यात प्रत्येक कुटुंबाने दुसऱ्या एका कुटुंबाला आपल्या पंगतीला घ्यावे. त्यात वसतिगृहात राहणारा विद्यार्थी, बदली होऊन नुकतेच आलेले जोडपे, त्या वर्षी घरचे माणूस गमावलेले कुटुंब यांची नावे आधी असावीत.

लहान मुले अधिक असतील तर ‘क्रिस्टिंगल’ ही मोरावियन पंथाची रीत उपयोगी पडते. 1747 मध्ये जर्मनीतील मारिएनबोर्न येथे बिशप योहान्नेस द वाटेव्हिल यांनी मुलांना लाल फीत बांधलेल्या पेटत्या मेणबत्त्या दिल्या. पुढे त्यात संत्रे आले. संत्रे म्हणजे जग, मेणबत्ती म्हणजे ख्रिस्त, लाल फीत म्हणजे त्याचे रक्त, आणि मनुका टोचलेल्या चार काड्या म्हणजे ऋतू किंवा चार दिशा. डिसेंबरात नागपुरी संत्री बाजारात असतात, त्यामुळे साहित्य शोधत हिंडावे लागत नाही.

गाण्यांची उणीव तर मराठी मंडळीला कधीच नव्हती. नारायण वामन टिळकांची पदे ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून आजही गायली जातात आणि ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे; परदेशी गाण्यांच्या ध्वनिफिती लावण्याऐवजी पेटी, तबला आणि झांजांच्या साथीने अर्ध्या तासाचे जन्मकीर्तन ठेवले तर तीन पिढ्या एकत्र गाऊ शकतात.

आखणीची सुरुवात ऑक्टोबरात व्हावी, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सुमारास आगमनकाळ, अर्थात नाताळपूर्वीचे चार रविवार, सुरू होईपर्यंत कामे वाटून झालेली असतात. नाटिका शब्बाथ शाळेने, मांडणी तरुण संघाने आणि हिशेब पंचांनी सांभाळावा. स्वयंपाक मात्र एकट्या महिला मंडळावर टाकू नये, कारण मग त्या बहिणींना कार्यक्रम पाहायलाच मिळत नाही. पुलावाला माणशी साधारण 100 ग्रॅम तांदूळ धरावा, म्हणजे दीडशे माणसांना 15 किलो पुरतो. करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि कुलकुल घराघरांतून आणून एकाच ताटात मांडावेत, म्हणजे कोणाचे किती हा प्रश्न उरत नाही. पेंढा, घोंगडी आणि मेणबत्ती एकत्र येतात तेथे वाळूच्या बादल्या आणि एक जबाबदार माणूस हवाच. देखाव्याजवळ उघडी ज्योत न ठेवता विजेचे दिवे लावणे उत्तम.

ज्या मंडळ्यांची या वर्षीची पहिली बैठक अजून व्हायची आहे त्यांनी सूत्र ठरवण्याआधी मंडळीची यादी समोर घ्यावी, गेल्या नाताळात न आलेल्या कुटुंबांच्या नावांवर खूण करावी आणि पाळकांसह दोघा-तिघांनी त्या घरी जाऊन, मेळाव्यात कोणते काम घ्याल, एवढे विचारून यावे.